पाच डॉलरच्या कॉलिंग कार्डात नक्की किती मिनिटं मिळतात? माझी वही सोबत देते आहे

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने न्यू जर्सीला होते, गेल्या महिन्यात पुण्याला परत आले. माझी आई ८९ वर्षांची आहे आणि सहकारनगरला आपल्या घरी राहते. तिला ऐकायला कमी येतं. मोबाइल तिला नको वाटतो, हॉलमधला लँडलाइन तेवढा तिचा. तिकडे रात्री नऊ वाजले की इकडे सकाळचे साडेसहा, आईचा चहा झालेला असतो. ती वेळ मी धरायचे.

जावई फार चांगले आहेत. स्वतःचा फोन पुढे करून ‘हवा तेवढा वेळ बोला’ म्हणायचे. पण रोजच्या रोज त्यांच्या फोनवरून पुण्याला फोन लावायचा मला संकोच वाटायचा. म्हणून किराणा आणायला गेलो तेव्हा दुकानाच्या गल्ल्यापाशी टांगलेलं कॉलिंग कार्ड घेतलं. पाच डॉलर. वर ठळक अक्षरात ‘इंडिया ५०० मिनिटं’. मनात म्हटलं, रोज पाच मिनिटं बोललं तरी तीन महिने बघायला नको.

ते कार्ड आठ दिवसांत संपलं.

मला घरखर्च लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून हेही लिहिलं होतं. कार्डावरच्या नंबरावर फोन लावून पिन दाबला की एक बाई इंग्रजीत सांगते, तुमच्याकडे इतकी मिनिटं शिल्लक आहेत. तो आकडा आणि पुढे प्रत्यक्ष बोलणं किती झालं ते, असं वहीत आहे:

पहिला दिवस: बाई म्हणाली ५००. बोललो ४ मिनिटं.
दुसरा: ३७६. बोललो २ मिनिटं.
तिसरा: ३२४. बोललो ५.
चौथा: २६९. कामाच्या मावशींनी उचलला, आई अंघोळीला गेलेली. १ मिनिट.
पाचवा: २१७. बोललो ७.
सहावा: १५९. बोललो ३.
सातवा: १०७. बोललो ४.
आठवा: ५२. तीन मिनिटं झाली आणि फोन मधेच तुटला. आईला वाटलं मीच ठेवला.

सगळं मिळून २९ मिनिटं. उरलेली ४७१ कुठे गेली? माझी एक मैत्रीण डिसेंबरात तिच्या मुलीकडे निघाली आहे आणि तिलाही कोणीतरी ‘तिकडे कार्ड घे, स्वस्त पडतं’ असं सांगितलंय. तिच्यासाठी विचारते आहे.

कोथरूड_डेपो

अहो, आता कार्डं वापरतं कोण? व्हॉट्सअ‍ॅप कॉल फुकट आहे.

पर्वतीपायथा

फुकट आहे, पण दोन्ही टोकांना स्मार्टफोन लागतो ना. आईकडे लँडलाइन आहे. तिच्या वयाच्या बऱ्याच जणांकडे तेवढाच आहे.

दुबईतला_पुणेकर

आणि आमच्याकडे अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. परवानगी असलेली ठरावीक अ‍ॅप्स सोडली तर साधा फोन किंवा कार्ड हाच मार्ग. लेबर कॅम्पमधली पोरं अजून कार्डंच घेतात. दिवसाकाठी दोन-तीन मिनिटं घरच्यांचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं असतं.

शिवाय मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं. त्यात पैसे भरून लँडलाइनला फोन लावणारे माझ्या ओळखीतच चार-पाच ज्येष्ठ होते. ते सगळे ‘आता काय करायचं’ म्हणून विचारत होते. विषय जुना वाटतो, पण संपलेला नाही.

हिशोबनीस

ताई, वही फार कामाची आहे. कार्ड अजून जवळ असेल तर मागची बारीक अक्षरं वाचून इथे टाकाल का? शक्य तितकं जसंच्या तसं.

पर्वतीपायथा

पर्समध्ये सापडलं. आईचं भिंग लावून वाचलं, करड्या रंगावर करडी अक्षरं आहेत. मराठीत सांगायचं तर:

कॉल जोडला गेला की ४९ सेंट कनेक्शन फी. पहिल्या वापरानंतर दुसऱ्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला ६९ सेंट मेंटेनन्स फी. कॉल तीन मिनिटांच्या पटीत मोजला जाईल. टोल फ्री नंबरावरून लावल्यास दर जास्त. पे-फोनवरून लावल्यास ९९ सेंट जादा. जाहीर केलेली मिनिटं सलग एकाच कॉलसाठी आणि कोणतेही आकार न धरता. दर सूचना न देता बदलू शकतात. ९० दिवसांत वापरावे.

‘आकार न धरता’ हे मी आत्ता पहिल्यांदा वाचलं.

हिशोबनीस

मग तुमच्या वहीतलं एकेक सेंट जुळतं. सावकाश लिहितो, कारण गंमत अशी की बाईनं सांगितलेल्या आकड्यांतच सगळं उत्तर आहे.

दर मिनिटाला १ सेंट आहे. पाच डॉलर म्हणजे ५०० सेंट, म्हणून ५०० ‘मिनिटं’. बाई तुम्हाला मिनिटं सांगत नव्हती, शिल्लक सेंट सांगत होती. कनेक्शन फी वगैरे त्यात धरलेलीच नाही.

पहिला दिवस: ४ मिनिटं बोललात, तीनच्या पटीत ती ६ झाली, म्हणजे ६ सेंट. अधिक कनेक्शन ४९. गेले ५५, राहिले ४४५. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचे ६९ वजा, राहिले ३७६. बाईनं तेच सांगितलं. दुसरा कॉल २ मिनिटांचा, मोजला ३. अधिक ४९. गेले ५२, राहिले ३२४. असंच पुढे चालवा, प्रत्येक आकडा बरोबर बसतो. चौथ्या दिवशी मावशींनी ‘आजी अंघोळीला गेल्यात’ एवढं सांगितलं त्याचेही ५२ सेंट गेले. आठव्या दिवशी शिल्लक ५२ सेंट: ४९ जोडणीचे आणि ३ सेंटची ३ मिनिटं. म्हणून बरोबर तीन मिनिटांनी फोन तुटला. बाई ‘५२ मिनिटं’ म्हणाली होती तरीही.

आता एकूण. आठ कॉलची कनेक्शन फी ३ डॉलर ९२ सेंट. मेंटेनन्स ६९ सेंट. आणि प्रत्यक्ष बोलण्याचे? ३९ सेंट. पाच डॉलरपैकी आईशी बोलण्याचे ३९ सेंट, बाकी सगळं फोन जोडून देण्याचं आणि कार्ड खिशात ठेवण्याचं भाडं. तुम्हाला मिनिट १ सेंटला पडलं नाही, १७ सेंटच्या वर पडलं. डॉलर ८५ रुपये धरला तर मिनिटाला साधारण पंधरा रुपये.

आणि एकाच कॉलमध्ये सगळं संपवलं असतं तर? ४९ सेंट वजा करून ४५० मिनिटं मिळाली असती. साडेसात तास. ८९ वर्षांच्या बाईंशी साडेसात तास सलग कोण बोलतं? थोडं थोडं पण रोज बोलणाऱ्यावरच हे कार्ड कमावतं, आणि म्हाताऱ्या माणसांशी आपण सगळे तसंच बोलतो.

नवी_वाचक

बाप रे. वाचनखूण साठवली आहे.

ओकट्री

मी एडिसनला वीस वर्षं आहे. सुरुवातीला आम्ही सगळे ही कार्डं वापरायचो. दर महिन्याला नवं नाव, नवं चित्र, कंपनी बहुधा तीच. एका कार्डाचं बरं निघालं की सगळे तेच घ्यायचे आणि दोन महिन्यांत त्याची मिनिटं कमी व्हायची. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणायचा, मी फक्त विकतो, मागच्या नंबरावर फोन करा. त्या नंबरावर कोणी उचलायचं नाही. पाच डॉलरसाठी माणूस किती भांडणार?

पण भांडण झालं आहे, आणि वरपर्यंत गेलं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००८ मध्ये कार्ड विकणाऱ्या कंपन्यांवर खटले भरले. एका खटल्यात त्यांनी कार्डं विकत घेऊन स्वतः वापरून बघितली, आणि जाहिरातीतल्या मिनिटांपैकी सरासरी ५०.४ टक्केच मिळाली. ते प्रकरण २००९ मध्ये साडेबावीस लाख डॉलर भरून मिटलं. पुढे २०१५ मध्ये एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक आयोगानं, सहा कंपन्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दंड केला. आक्षेप हाच: शेकडो-हजारो मिनिटांची जाहिरात, आणि ती मिळणार फक्त सलग एकाच कॉलमध्ये. ताईंच्या कार्डामागे लिहिलंय अगदी तेच.

पे-फोनच्या जादा आकाराबद्दल थोडं. पे-फोनवरून टोल फ्री नंबर फिरवला तर पे-फोनच्या मालकाला पैसे कार्ड कंपनीनं द्यावेत असा तिथला नियम आहे. २००४ पासून तो आकडा कॉलमागे ४९.४ सेंट. कार्डावर आपल्याकडून ९९ कापतात. एअरपोर्टवरून ‘सुखरूप पोचलो’ एवढंच सांगणारे यात सापडायचे.

जुना_ऑपरेटर

मी टेलिफोन खात्यात पुण्यात ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडून द्यायच्या कामावर. हिशोबनीसांचं गणित वाचून मला पहिल्यांदा ते तीन मिनिटांचं एकक आठवलं. ट्रंक कॉलही तीन मिनिटांच्या हिशोबानं असायचा. पण तेव्हा आम्ही लाइनवर येऊन सांगायचो, ‘तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?’ लोक ‘नाही नाही’ म्हणून घाईघाईनं ठेवायचे. पैसे वाचवायला त्यांना तो एक क्षण मिळायचा. कार्डात तेवढाही मिळत नाही.

एक सेंटचा दर खरा का असू शकत नाही ते सांगतो. परदेशातून आलेला कॉल भारतातल्या फोनवर उतरवून द्यायचे इथली कंपनी पैसे घेते. त्याला टर्मिनेशन चार्ज म्हणतात. ट्रायनं, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, १ फेब्रुवारी २०१८ पासून तो मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला. २०२० मध्ये ३५ ते ६५ पैसे असा पट्टा ठरवून दिला. आता एक सेंट म्हणजे साधारण ८५ पैसे. त्यातले ३५ ते ६५ इथे गेले. उरलेल्यात समुद्राखालच्या केबलचं भाडं, कार्ड छापणारा, वितरक, दुकानदाराचं कमिशन. भागणार कसं? तेव्हा वरचा दर गिऱ्हाईक खेचण्यापुरता असतो आणि कमाई मागच्या बारीक अक्षरांत.

थोडं विषयांतर. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. पुण्याहून नाशिकला जाताना त्याची ती मोठी तबकडी मी कितीदा एसटीतून बघितली आहे. परदेशातल्या पोराचा आवाज आपल्या जिल्ह्यातल्या त्या तबकडीतून येतो, याचं मला फार अप्रूप होतं. परदेशी फोनची मक्तेदारी पुढे विदेश संचार निगमकडे गेली आणि ती २००२ पर्यंत होती. दर फार होते, हे मान्य. पण दर एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता.

पिवळी_पाटी

नारायण पेठेत आमचा एसटीडी-आयएसडी बूथ होता. काचेच्या खोक्यात फोन आणि वर लाल आकड्यांचं मीटर. माणूस बोलायला लागला की नजर त्या मीटरवर. शंभर झाले की आवाज चढायचा, शब्द भराभर यायचे. बोलणं संपलं की मशिनमधून चिठ्ठी निघायची: नंबर, वेळ, पल्स (बोलणं मोजायचं एकक), रुपये. एकदा एका आजोबांचा फोन अमेरिकेत उत्तर देणाऱ्या मशिनवर गेला. पल्स पडली होती, पैसे घेणं भाग होतं. पण चिठ्ठी बघून ते काही बोलले नाहीत, कारण काय झालं ते त्यांना दिसलं होतं. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर मीटर असणं ही मोठी गोष्ट आहे. ताईंनी वहीत जे लिहिलं ते त्यांनी स्वतःच केलेलं मीटर आहे.

टेम्सकाठी

इंग्लंडमधला अनुभव वेगळा आहे, तो सांगते. इथे कार्डाचे पैसे कमी कापले जातात, पण खिसा दुसऱ्या बाजूनं कापला जातो. कार्डाचा अ‍ॅक्सेस नंबर, म्हणजे कार्ड वापरताना आधी फिरवायचा तो, ०८४ नं सुरू होणारा असेल तर त्या नंबरावर फोन लावण्याचे पैसे तुमची स्वतःची मोबाइल कंपनी लावते, वर त्या नंबराचा वेगळा सेवा आकार. तुमच्या प्लॅनमधल्या ‘फुकट मिनिटां’त हे नंबर बहुतेक वेळा बसत नाहीत. माझी भाची सिंहगड रोडची, शिकायला आली होती. पहिल्या महिन्यात ती कार्डावर खूश होती, महिन्याअखेर मोबाइलचं बिल बघून रडायला लागली. घरी सांगायची हिंमत होईना, कारण बाबांनी कर्ज काढून पाठवलेलं.

जुलै २०१५ पासून इथे ०८०० चे नंबर मोबाइलवरूनही खरोखर फुकट आहेत. पण मग कार्ड त्या नंबरावरून लावल्यास स्वतःचा दर वाढवतं. कुठूनतरी घेतातच. अ‍ॅक्सेस नंबर नेहमीच्या शहरी कोडचा असेल आणि प्लॅनमध्ये मिनिटं असतील तरच त्या वाटेला जावं.

ओकट्री

अमेरिकेतही जुन्या प्रीपेड मोबाइलवर हेच व्हायचं. टोल फ्री नंबर लावला तरी बोललेली मिनिटं मोबाइलच्या खात्यातूनही जायची. एकाच बोलण्याचे दोन ठिकाणी पैसे.

विमाननगर_पीजी

उलट बाजूनं विचारतो. मी पुण्यातून लंडनला दादाच्या मोबाइलवर फोन लावतो. इथून कार्ड घेतलं तर?

जुना_ऑपरेटर

इथे कार्ड फारसं रुजलंच नाही. परदेशी कॉल नेणाऱ्या कंपन्यांनी थेट गिऱ्हाईकाला कार्ड विकावं म्हणून ट्रायनं २०१४ मध्ये नियम केले. कार्डवाल्यानं तुमच्या मोबाइल कंपनीला मिनिटामागे ४० पैसे द्यायचे, लँडलाइन असेल तर १ रुपया २० पैसे. पण तुमच्या कंपनीचा स्वतःचा आयएसडी धंदा आहे, तिला यात काय गोडी? तुम्ही आपल्या सिमवरचा आयएसडी पॅक बघा. तीन गोष्टी विचारा: किती दिवसांत संपवायचा, मिनिटाची पल्स की सेकंदाची, आणि सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी आहे की वर.

चौथी सगळ्यात महत्त्वाची: दर लँडलाइनचा की मोबाइलचा? अमेरिकेत मोबाइल आणि लँडलाइनचे नंबर सारखेच दिसतात आणि दरही बहुधा सारखा असतो. इंग्लंडचं तसं नाही. ४४ नंतर ७ आला की तो मोबाइल, आणि तिथे दर कितीतरी जास्त असू शकतो. जाहिरातीत ‘यूके’ म्हणून लँडलाइनचा दर मोठा छापतात. दादाचा नंबर घेऊन दर विचारा, नुसतं देशाचं नाव सांगू नका.

आणि अमेरिकेतल्या बँकेचा ‘टोल फ्री’ नंबर इथून फिरवला तर तो टोल फ्री राहत नाही. लागलाच तर आयएसडी दरानं लागतो.

दुबईतला_पुणेकर

एक राहिलं. स्वस्तातल्या कार्डावरून घरी फोन केला की आईच्या मोबाइलवर माझा नंबर दिसायचाच नाही. कुठलातरी भारतातला अनोळखी मोबाइल नंबर दिसायचा, रोज वेगळा. आम्हीच तिला बजावून ठेवलेलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवतात. तिनं माझे फोन कापले आणि मी काळजीत.

जुना_ऑपरेटर

तो कॉल चोरवाटेनं आलेला असतो. परदेशातून इंटरनेटवरून आणायचा, इथे सिमबॉक्समध्ये भारतीय सिमकार्डं लावून ठेवायची आणि त्यातून स्थानिक कॉल म्हणून सोडायचा. टर्मिनेशन चार्ज बुडवला जातो, आणि कॉल कोणी केला याचा मागही राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोंढव्यात एटीएसनं असंच बेकायदा एक्स्चेंज पकडलं, हजारो सिमकार्डं निघाली. कार्ड घेणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. परदेशातून बोलणाऱ्याचा फोन भारतीय नंबरावरून आला तर संचार साथी पोर्टलवर कळवायची सोय आहे. ते कार्ड पुन्हा घेऊ नका.

नवी_वाचक

मग ताईंच्या मैत्रिणीनं करावं काय?

हिशोबनीस

माझं मत सांगतो. तिकडच्या सिमच्या प्लॅनमध्ये भारताच्या लँडलाइनचे कॉल आहेत का ते आधी बघावं, काही प्रीपेड प्लॅनमध्ये असतात. नसतील तर कनेक्शन फी आणि मेंटेनन्स नसलेलं, मिनिटागणिक कापणारं अ‍ॅप. दर थोडा जास्त दिसला तरी चालेल. दोन मिनिटांच्या बोलण्यावर ४९ सेंटपुढे मिनिटाला चार सेंटही स्वस्तच. पहिल्या दिवशी एक मिनिट बोलून शिल्लक बघावी, दुसऱ्या दिवशी न बोलता पुन्हा बघावी. न बोलता कमी झाली असेल तर तिथेच थांबावं.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला धागा पाठवला. तिच्या लेकीनं प्लॅन तपासला, त्यात भारताचे कॉल आहेत म्हणे, त्यामुळे तिचं काम झालं.

काल आईकडे गेले होते. वही दाखवली. हिशोबनीसांचा हिशोब मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवला. तुम्हाला सांगते, रोज फोनवर दोन मिनिटं झाली की ती म्हणायची, ‘ठेव आता, तुझे पैसे जातायत.’ ट्रंक कॉलच्या काळातली सवय. मलाही वाटायचं, खरंच जातायत, आणि मी ठेवायचे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे मी लवकर ठेवायला लावलं त्यानं काही वाचलं नाही होय?’

मी म्हटलं, नाही गं.

तिनं भिंग घेऊन वहीवरून बोट फिरवलं आणि पाचव्या दिवसावर थांबली. ‘हे सात कशाचे?’

त्या दिवशी बाळाचं नाव ठरलं होतं. ऐकू नीट येईना म्हणून एकेक अक्षर सुटं करून चार वेळा सांगितलं होतं, आणि तिनं ते मावशींना मोठ्यानं ऐकवलं होतं.